मार्कांच्या पलीकडचं वाचन

चि. मुक्तास,


एफ.वाय.च्या कंपल्सरी इंग्लिशचे दोन वर्ग तुझ्या गळ्यात पडलेत आणि मुलांना वाचताच येत नाही म्हणून तू वैतागली आहेस, असं ताईकडून कळलं. तक्रार खरी असेल. पण ती चाचणीच्या मार्कांवरून करत असशील तर जरा थांब. ज्यांना पैकीच्या पैकी मिळालेत त्यांनाही कदाचित वाचता येत नसेल.

हे बघ : 'द टॅव्हिन गॉर्प्ट द मेलिक इन द सूल.' वाक्याला काडीचाही अर्थ नाही, मी आत्ताच रचलंय. आता विचार, हू गॉर्प्ट द मेलिक? उत्तर, द टॅव्हिन. व्हेअर? इन द सूल. झाले दोन मार्क! आपल्या अनसीन पॅसेजचे कितीतरी प्रश्न याच जातीचे असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि त्याच्या आजूबाजूचं वाक्य उचलून उत्तरपत्रिकेत ठेवायचं, ही विद्या मुलं दहावीच्या आतच शिकतात. मोठ्यानं वाचून घेण्याचंही तेच. खणखणीत आवाजात पानभर वाचणाऱ्याला पुस्तक मिटवून 'काय होतं रे त्यात?' असं विचारलं की तो शेजाऱ्याकडे बघतो.

म्हणून सुरुवातीला एवढंच कर. अडीचशे शब्दांचा उतारा घे, पहिलं वाक्य तसंच ठेव आणि पुढचा दर पाचवा शब्द गाळ. ही क्लोझ चाचणी. विल्सन टेलर या अमेरिकन संशोधकानं १९५३ साली ती मांडली, तीही मुळात मजकूर किती अवघड आहे हे मोजायला. नेमका मूळचाच शब्द आला तर बरोबर धरायचं. निम्म्याच्या आसपास जमले तर तुझ्या मदतीनं तो उतारा त्या मुलाला झेपेल. एक तृतीयांशही जमले नाहीत तर उताराच बदल. हे मार्क इंटर्नलला मात्र धरू नकोस. निम्मे मार्क बघून मुलं हबकतात, आणि विभागप्रमुखही.

ज्यांचं फारच कमी भरेल त्यांच्यातल्या काहींना मग एकेकटं बोलाव. एक परिच्छेद मनात वाचू दे, कागद काढून घे आणि काय वाचलं ते मराठीत सांगायला लाव. इंग्रजीत सांगायला लावलंस तर त्याचं बोलणंच तपासलं जाईल आणि वाचन राहील बाजूला. स्टाफरूममध्ये कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. 'ऑल्दो द रेन्स वेअर लेट, द फार्मर्स डिड नॉट सेल देअर बुलक्स' हे वाचून एखादा मुलगा बिनदिक्कत सांगतो, 'पाऊस लांबला म्हणून शेतकऱ्यांनी बैल विकले.' पाऊस, शेतकरी, बैल, विकणं, सगळं त्याला येतं. मधले बारके शब्द ओलांडून त्यानं गोष्ट आपल्या गावावरून पुरी केली. त्याला शब्दार्थांची यादी देऊन काय उपयोग? 'विकले की नाही? कशावरून?' असं वाक्यावाक्याला विचारत त्याच्याशेजारी बसावं लागतं. दुसऱ्याला शब्दच येत नसतात. तिसरा एकेक अक्षर जुळवत इतका सावकाश जातो की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो.

या शेवटच्या दोघांना सोपं आणि भरपूर वाचायला दे. आपण नेमकं उलट करतो, अवघड आणि थोडं देतो, वर गाईड आहेच. मायकेल वेस्ट १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होते. बंगाली मुलं शाळा मध्येच सोडतात, तेव्हा त्यांच्या हाती उपयोगी पडेल असं काही उरणार असेल तर ते वाचन, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पुस्तकांतले दुर्मीळ शब्द काढून तिथे रोजचे शब्द घातले आणि नवे शब्द लांब लांब अंतरावर पेरले. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असले की बहुतेकांना मदतीशिवाय अर्थ लागतो, असं अलीकडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ सांगतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर अनोळखी पाचच. तुमचं पाठ्यपुस्तक या कसोटीला लावून बघ, मग मुलांवर चिडशील का ते सांग.

लहान मुलांसाठीची गोष्टींची पुस्तकं कॉलेजच्या मुलांना लाज आणतात, तेवढं टाळ. खेळाडूंची सोप्या भाषेतली छोटी चरित्रं चालतील. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बारा वर्षं ती भाषा शिकूनही आपल्याला जमत नाही हे ओझं घेऊनच मुलं तुझ्यासमोर बसतात, तेव्हा पहिली दोन-तीन पुस्तकं हमखास संपतील अशीच निवड.

पोर्शन कधी संपवू, हे विचारणारच तू. तासाची पहिली दहा मिनिटं मूक वाचनाला दे, बाकीच्यात पोर्शन बसव. थोडा मागे राहिला तर राहू दे. तसाही तो गाईडवाल्यांनी संपवून ठेवलेला आहे.

क्लोझचा उतारा झेरॉक्सला टाकण्याआधी मला व्हॉट्सअॅपवर पाठव. गाळलेल्यात विशेषनामं फार आली असतील तर उतारा बदलू.

तुझा,
मामा