बालकांचा बहिरेपणा व त्यासोबतची लक्षणे

नॉर्वेतील येर्वेल आणि लांगे-नील्सेन या डॉक्टरद्वयाने १९५७ साली एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या घरातील सहा मुलांपैकी चौघे जन्मतः बहिरे होते. त्यांना वरचेवर मूर्च्छा येत असे. पैकी तिघे ४, ५ व ९ वर्षांचे असताना अकस्मात दगावले. आईवडिलांचे श्रवण मात्र उत्तम होते. हृदयाचा विद्युत् आलेख काढला असता, प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पूर्वस्थितीस येण्याचा काळ वाजवीपेक्षा लांबलेला दिसला. पोटॅशियमची ने-आण करणारे एकच प्रथिन अंतर्कर्णात व हृदयाच्या स्नायूत कार्य करते. ते सदोष असल्यास दोन्ही अवयव बिघडतात, हे पुढे उलगडले.

इतर अवयवांच्या विकारासह येणाऱ्या अशा बहिरेपणास लक्षणसमूहातील बहिरेपणा म्हणतात. आनुवंशिक बहिरेपणापैकी सुमारे ३० टक्के या प्रकारचा असतो. हृदयाचा वरील विकार विरळा खरा. परंतु बहिऱ्या मुलास येणारी मूर्च्छा मिरगी समजून उपचार होण्याचा धोका मोठा आहे. आलेख काढण्यास काही मिनिटेच लागतात, आणि निदान झाल्यास औषधांनी जीव वाचू शकतो.

अशर लक्षणसमूहात हानी डोळ्यांची होते. त्याच्या तीव्र प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते, तोल सांभाळता न आल्याने उशिरा चालू लागते, आणि दहा वर्षांच्या आतबाहेर त्यास रातांधळेपणा येतो. पुढे दृष्टीचा परीघ आक्रसत जातो. ओठांच्या हालचाली व हातांच्या खुणा यांवर ज्याचे सारे शिक्षण अवलंबून, त्याच्या दृष्टीने हे संकट केवढे, हे सांगणे नलगे. म्हणून नेत्रतपासणी लांबणीवर टाकू नये. पेंड्रेड विकारात गलगंड बहुधा किशोरवयात किंवा त्यानंतर दिसतो. आल्पोर्ट विकारात लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होत जातात व श्रवण मागाहून मंदावते. वार्डेनबर्ग विकाराची खूण, म्हणजे कपाळावरील पांढऱ्या केसांची बट, घरच्यांना कौतुकाची वाटते. कानाशी तिचा संबंध कोणी जोडत नाही.

यांपैकी पहिले तीन विकार, सदोष जनुक मातापिता दोघांकडूनही आल्यासच उद्भवतात. दोघे निरोगी वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास चारात एक एवढा धोका असतो. आते-मामे भावंडांच्या किंवा मामा-भाचीच्या विवाहात एकच दोष दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. चालीरीतींस दूषण देण्याचा येथे हेतू नाही; मात्र नात्यात लग्न झालेल्या दांपत्याने पुढील अपत्यापूर्वी आनुवंशिकीचा सल्ला घ्यावा.

सर्वच लक्षणसमूह आनुवंशिक नसतात. गरोदरपणी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, रुबेला झाल्यास अर्भकास बहिरेपणा, मोतीबिंदू व हृदयदोष जडू शकतात. ऑस्ट्रेलियाचे नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये यातील मोतीबिंदूचा संबंध प्रथम दाखविला. हा विकार लसीने टळतो. गोवा व कर्नाटकात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. आता ही लस बालकांच्या नियमित लसीकरणात दोन मात्रांनी दिली जाते.