दहावे पाऊल

'दश' म्हणजे दहा. 'द' वर टिंब द्या, झाले 'दंश'. दंश म्हणजे चावा. संस्कृतात तर टिंबही लागत नाही. तिथे 'दश' म्हणजे दहा, आणि 'दश' म्हणजे 'चाव' सुद्धा! या एका शब्दापायी नळराजाचे रूप पालटले. गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे.

नळ निषध देशाचा राजा. विदर्भाची दमयंती त्याची राणी. नळाच्या अंगात कली शिरला. तो जुगारात राज्य हरला. झोपलेल्या दमयंतीला रानात टाकून निघून गेला.

पुढे रानात वणवा पेटलेला. आत कर्कोटक नाग अडकला होता. नळाने त्याला उचलून बाहेर आणले. नाग म्हणाला, "राजा, पावले मोजत चाल." दहावे पाऊल पडले आणि नाग डसला. नळ 'दश' म्हणाला, म्हणून नाग चावला, असा अर्थ जाणते लोक लावतात. नळ कुरूप झाला. पण विषाचा दाह झाला तो अंगातल्या कलीला, नळाला नाही. नागाने त्याला दोन वस्त्रे दिली. ती पांघरली की मूळ रूप येणार होते.

नळ बाहुक नाव घेऊन अयोध्येच्या राजाचा सारथी झाला. तोंड बदलले, पण हात तेच राहिले बरं का! घोडे हाकावे त्यानेच, स्वयंपाक करावा त्यानेच.

दमयंतीने त्याला युक्तीने कुंडिनपुरास आणवले. (अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर ते हेच, असे मानतात.) रथाचा आवाज ओळखीचा, माणूस मात्र अनोळखी! तिने केशिनी दासीला पाळतीवर ठेवले. केशिनी सांगत आली, "बाईसाहेब, त्याने नुसते पाहिले की रिकामे भांडे पाण्याने भरते!" दुसरी कोणी एवढ्यावरच भुलली असती. आम्हांला दमयंती आवडते ती इथे. तिने बाहुकाने रांधलेले मागवले, चाखले. चव नळाच्याच हातची. तरी तिने घाई केली नाही. मग मुलांना त्याच्याकडे धाडले. त्यांना पोटाशी धरून बाहुक ढसाढसा रडला.

आता तिने त्याला समोर बोलावले. आधी रूप मागितले नाही. झोपलेल्या बायकोला रानात टाकणारा माणूस कधी पाहिला आहेस का, एवढेच विचारले. नळाला बोलावे लागले. त्यानेही तिला दुसऱ्या स्वयंवराच्या निरोपाबद्दल विचारले. दोघांचे बोलणे पुरे झाले, आणि मगच नळाने ती वस्त्रे पांघरली.