पेढीचा निरोप व मुक्त-स्रोत साधने

भाव फुटला की सौदा गेला, हे व्यापारी बंधूंस सांगावयास नको. म्हणून निरोप नेणारे साधनही धान्याच्या नमुन्याप्रमाणे पारखून घ्यावे. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांस खुली असते त्यास मुक्त-स्रोत म्हणतात. आपणांस ती वाचता न आली तरी जाणकार ती तपासू शकतात, हा तिचा लाभ होय.

निवडताना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : मजकूर पाठविणारा व घेणारा यांवाचून इतरांस वाचता येतो काय? ‘सिग्नल’मध्ये सर्व संभाषणे कुलूपबंद असतात. ‘टेलिग्राम’च्या ॲपची संहिता खुली, परंतु सर्व्हरची नाही, शिवाय त्यातील साधी संभाषणे तशी कुलूपबंद नसतात.

दुसरा : कोठार कोणाचे? सिग्नलचा कारभार एकाच ना-नफा संस्थेकडे आहे व नोंदणीस फोन क्रमांक लागतो. २०१४ साली सुरू झालेल्या ‘मॅट्रिक्स’ पद्धतीत पेढीस स्वतःचा सर्व्हर ठेवून इतर सर्व्हरांशी निरोपांची देवघेव करता येते. मात्र त्याची निगा राखणारा माहीतगार मनुष्य हवा, आणि संभाषणाचे कुलूप चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

तिसरा : समोरचा अडत्या ते वापरील काय? न वापरल्यास उत्तम साधनही व्यर्थ.

सारांश, लहान पेढीस सिग्नल पुरे. अनेक शाखांच्या पेढीने मॅट्रिक्सचा विचार करावा. आपोआप पुसले जाणारे संदेश सौद्याकरिता वापरू नयेत; तंटा उद्भवल्यास पुरावा उरत नाही. आणि गादीवर उघडा पडलेल्या फोनास कोणतेही कुलूप तारीत नाही.