श्रीरामपूरची दफनभूमि

इतिहास केवळ ग्रंथांतच लिहिलेला असतो असें नाहीं. तो पाषाणांवरही कोरलेला असतो. एखाद्या गांवच्या दफनभूमींतील थडग्यांवरचीं नांवें व वर्षें लक्षपूर्वक वाचीत गेल्यास, त्या गांवांत कोण आले, किती वर्षें जगले व मागें कोणास ठेवून गेले, हें कळूं लागतें. परंतु जें पाषाणावर कोरलेलें नाहीं, तेंही वाचतां आलें पाहिजे. या दोन्ही प्रकारच्या वाचनाचा धडा श्रीरामपूर येथील मिशनच्या दफनभूमींत मिळतो. आणि त्या धड्याशीं आपल्या मराठी भाषेचा निकट संबंध आहे.

हें श्रीरामपूर म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नव्हे. तें पश्चिम बंगालमध्यें, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, कोलकात्याच्या उत्तरेस सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. इ. स. १७५५ पासून १८४५ पर्यंत तेथें डेन्मार्कची सत्ता होती. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी त्या काळीं मिशनऱ्यांस आपल्या मुलखांत राहूं देण्यास राजी नसे. डॅनिश अधिकाऱ्यांनीं मात्र त्यांस आश्रय दिला. इ. स. १८०० मध्यें तेथें एकत्र आलेले तीन पुरुष याच भूमींत विश्रांति घेत आहेत.

पहिले विल्यम कॅरी (१७६१–१८३४). विणकराच्या घरीं जन्मून त्यांनीं तरुणपणीं जोडे शिवण्याचा धंदा केला, व तो करतां करतां अनेक भाषा शिकले. दुसरे जोशुआ मार्शमन (१७६८–१८३७); हेही विणकराचेच पुत्र, व पेशानें शिक्षक. तिसरे विल्यम वॉर्ड (१७६९–१८२३). हे सुताराचे पुत्र, व छपाईच्या कामांत तरबेज. तिघांपैकीं एकही धनवंताच्या घरचा नव्हता. त्यांनीं मिळकत एकत्र ठेवली व कामें वांटून घेतलीं: एकानें भाषांतरें करावीं, एकानें शाळा चालवाव्या, एकानें छापखाना सांभाळावा. वॉर्ड पटकीच्या रोगानें आधीं गेले. उरलेले दोघे कामांतच वृद्ध झाले.

आतां कोणी विचारील कीं, बंगालमधील या मंडळींचा मराठीशीं संबंध काय? कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांस देशी भाषा शिकविण्यासाठीं इ. स. १८०० मध्यें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें. तेथें कॅरी प्रथम बंगाली व संस्कृत, आणि पुढें मराठीही शिकवूं लागले. शिकवावयाचें तर पुस्तकें हवींत, आणि छापील मराठी पुस्तकें तर जवळजवळ नव्हतींच. म्हणून श्रीरामपूरच्या छापखान्यांतून इ. स. १८०५ मध्यें कॅरींचें मराठीचें इंग्रजी व्याकरण बाहेर पडलें. त्यांतील मराठी मजकूर बाळबोध अक्षरांत आहे. इ. स. १८१० मध्यें त्यांचा मराठी–इंग्रजी कोश निघाला; त्यांत मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले आहेत. ज्या मोडींत आपले पूर्वज जमाखर्च व पत्रें लिहीत, ती अशा रीतीनें छापखान्यांत गेली.

हें काम सुखासुखी झालें नाहीं. ता. ११ मार्च १८१२ रोजीं छापखान्यास आग लागली. कागद, अनेक भाषांचे खिळे व वर्षानुवर्षें तयार केलेलीं हस्तलिखितें जळून गेलीं. छपाईचीं यंत्रें मात्र वांचलीं. मंडळींनीं राखेंतून वितळलेलें शिसें गोळा केलें, त्याचेच नवे खिळे ओतले, व थोड्याच काळांत छपाई पुन्हां सुरू केली. परीक्षेंत एकदां अपयश आलें म्हणून पुस्तक मिटून बसणाऱ्या विद्यार्थ्यानें ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

याच भूमींत डोरोथी कॅरी यांसही मूठमाती मिळाली. त्या कॅरींच्या पहिल्या पत्नी. मायदेश सोडून येण्याची त्यांची इच्छा नव्हती. इ. स. १७९४ मध्यें त्यांचा पीटर हा लहान मुलगा वारला. त्यांचें मन त्यापुढें सांवरलें नाहीं, आणि इ. स. १८०७ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें ठिकाणावर आलें नाहीं. थोर कार्याची किंमत पुष्कळदां घरांतील दुसरें माणूस देत असतें. तिचा हिशेब ग्रंथांत क्वचितच सांपडतो. उलट मार्शमन यांच्या पत्नी हॅना यांनीं पतीच्या बरोबरीनें शाळा चालविल्या, मुलींच्या शिक्षणास वाहून घेतलें, व पतीच्या मागें दहा वर्षें जगून इ. स. १८४७ मध्यें देह ठेवला.

आतां थडगीं नसलेल्यांकडे वळूं. मराठी व्याकरण लिहितांना कॅरींच्या शेजारीं फोर्ट विल्यम कॉलेजचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा हे होते. त्यांच्याकडून मिळालेल्या साह्याचा कॅरींनीं प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें उल्लेख केला आहे. अक्षरांचे ठसे कोरण्याची विद्या श्रीरामपुरास पंचानन कर्मकार या लोहाराच्या हातांनीं आली. त्यांच्या मागें त्यांचे जांवई मनोहर यांनीं ती पुष्कळ वर्षें चालविली. हे सारे हिंदु. त्यांचा देह अग्नीस अर्पण होणार, म्हणून दफनभूमींत त्यांचा दगड असण्याचें कारण नाहीं. परंतु दगड नाहीं म्हणून ऋणही नाहीं, असें मात्र होत नाहीं. पंडितावांचून व्याकरण शुद्ध झालें नसतें, आणि कारागिरावांचून तें छापलेंच गेलें नसतें. इंग्रज चर्मकार, महाराष्ट्रीय शास्त्री व बंगाली लोहार अशा तिघांचे हात त्या एका ग्रंथास लागले आहेत.

स्वतः कॅरी यांस मोठें स्मारक नको होतें. आपली दुसरी पत्नी शार्लट हिच्याच दगडावर आपलें नांव, जन्ममृत्यूच्या तारखा व एका स्तोत्राच्या दोन ओळी कोराव्या, अधिक कांहीं नको, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहून ठेविलें.

विद्यार्थिमित्रहो, श्रीरामपूर दूर आहे. परंतु प्रत्येक गांवीं कबरस्थान, समाधि किंवा वीरगळ असतोच. सुटींत वडील माणसांस बरोबर घेऊन तेथें जा. पावसानें झिजत चाललेलीं अक्षरें पुरतीं पुसण्यापूर्वीं वहींत उतरून घ्या. पालकांनींही अशा वेळीं आपल्या आठवणी मुलांस सांगाव्या. कारण तो वृद्धांच्या मुखांतला इतिहास त्यांच्याबरोबरच जातो. आणि वहींत दगडावरचीं नांवें लिहून झालीं म्हणजे एक पान कोरें ठेवा. या माणसांचें काम ज्यांच्या हातांनीं तडीस गेलें, त्यांचीं नांवें शोधून त्या पानावर लिहा. तें पान भरावयास वेळ लागेल. पण त्यावांचून वही पुरी झाली असें समजूं नका.