वेदनाशामक गोळी आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी हळदीची काढणी, शिजवणी व वाळवणी एकामागोमाग चालते. वसमत-कळमनुरी भागातील मजूर दिवसभर उन्हात वाकून राबतात आणि रात्री कंबर धरली की दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेतात. निरोगी माणसास एखाद्या गोळीने सहसा अपाय होत नाही. मात्र अंगातील पाणी आटलेले असताना हीच गोळी मूत्रपिंडांचे रक्त तोडू शकते.

विश्रांतीच्या अवस्थेत हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला साधारण एक लिटर, मूत्रपिंडांकडे जातो. तेथे केशवाहिन्यांच्या सूक्ष्म गुच्छांत तो गाळला जातो. घाम, जुलाब वा उलट्यांनी पाणी घटले की रक्तदाब राखण्यासाठी शरीर रक्तवाहिन्या आवळू लागते. अशा वेळी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये गुच्छात रक्त आणणारी धमनिका रुंद ठेवतात. पाटाला पाणी कमी असताना शेतकरी वाफ्याचे दार मोकळे ठेवतो, तसेच हे. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवून दिले की, ॲस्पिरिनसारखी औषधे या द्रव्यांची निर्मितीच रोखतात. (१९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.) सूज व वेदना त्यामुळेच ओसरतात, आणि वाफ्याचे दारही त्यामुळेच मिटते.

रक्तदाबासाठी रामिप्रिल वा लोसार्टन घेणाऱ्यांनी अधिक जपावे. ही औषधे एरवी हितकारकच. परंतु ती गुच्छातून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतात. आत येणारे रक्त कमी आणि बाहेरची वाट मोकळी, मग गाळण्यास लागणारा दाब उरत नाही. त्यात लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. वृद्ध, मधुमेही व हृदयविकाराच्या रुग्णांचेही तसेच. एटोरिकॉक्सिबसारख्या नव्या गोळ्या पोटाला सौम्य असल्या तरी मूत्रपिंडांच्या बाबतीत निर्धोक नाहीत. साध्या अंगदुखीस योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घेणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

लघवी कमी होणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. वेळीच थांबविल्यास मूत्रपिंडांचे कार्य बहुधा काही दिवसांत पूर्वपदावर येते. नातेवाइकांस विनंती की, रुग्णाला आणताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी असली तरी, सोबत आणावीत.