‘रन’ : एका क्रियापदाचा पसारा

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला ‘रन’ हे क्रियापद अगदी आरंभीच्या धड्यांतच भेटते. त्यापुढे मातृभाषेतील एकच प्रतिशब्द दिलेला असतो : मराठीत ‘धावणे’, हिंदीत ‘दौड़ना’. मूल तो पाठ करते आणि शब्द आपल्याला आला असे मानून पुढे जाते. काही वर्षांनी ‘हर फादर रन्स अ शॉप’ हे वाक्य त्याच्या वाचनात येते, तेव्हा दुकान घेऊन बाप धावतो कसा, हे त्याला कळेनासे होते.

अशा वेळी विद्यार्थी शब्दकोश उघडत नाही, ही खरी अडचण आहे. अनोळखी शब्द आला तर तो थांबतो, कोणाला तरी विचारतो. ‘रन’ मात्र त्याला ‘येत’ असतो, म्हणून तो वाक्याचा काहीतरी अर्थ जुळवून घेतो. ‘ही बस रविवारी रन करीत नाही’ अशा आशयाची सूचना वाचून बस त्या दिवशी सावकाश जाते, असा समज होणे अशक्य नाही. भाडेपट्ट्याच्या कागदात ‘द लीज रन्स फॉर थर्टी इयर्स’ असे असेल, तर चूक केवळ हसण्यावारी नेण्यासारखी राहत नाही.

कोशकारांनाही या क्रियापदांनी कमी त्रास दिलेला नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘पुट’, ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ यांसारख्या अतिपरिचित क्रियापदांमुळे आपले श्रम फार वाढले, अशी तक्रार केली आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. त्याच कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी २०११ च्या सुमारास ‘रन’ची नोंद नव्याने तयार झाली, तेव्हा या क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा नोंदविल्या गेल्या.

हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. या अर्थांची मुळे थोडी आहेत. जुन्या इंग्रजीत दोन निरनिराळी पण सजातीय क्रियापदे होती. एकाचा अर्थ स्वतः धावणे, वाहणे. दुसऱ्याचा अर्थ धावायला लावणे, घोडा दौडविणे. स्कॅंडिनेव्हियातून आलेल्या एका सजातीय शब्दाचीही त्यांत भर पडली आणि कालांतराने सारी रूपे मिसळून एकच ‘रन’ उरले. जर्मन भाषेत धावण्याला ‘रेनेन’ आणि पाणी ओघळण्याला ‘रिनेन’ असे जवळजवळचे दोन शब्द आजही आहेत. तेव्हा नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, कपड्याचा रंग धुताना ‘रन’ होतो, यांत पायांवरून पाण्यावर नेलेली कल्पना शोधत बसू नये. वाहणे हा या शब्दाचा जुनाच अर्थ आहे.

दुसऱ्या मुळाचा उलगडा मराठी वाचकाला सहज होईल. मराठीत यंत्र चालते आणि कारागीर ते चालवितो. शाळा चालते आणि संस्था ती चालविते. प्रयोजक क्रियेसाठी मराठीने वेगळे रूप राखले आहे. इंग्रजीत दोन्हींकडे ‘रन’च. त्यामुळे पुढे कर्म आले आहे की नाही, हे पाहणे हीच अर्थ ओळखण्याची पहिली खूण ठरते. गिरण्या, आगगाड्या आणि पुढे संगणक आले, तसा या बाजूचा विस्तार वाढत गेला. गंमत अशी की इंग्रजाचे यंत्र धावते आणि आपले चालते. काम मात्र दोन्ही सारखेच करतात.

आणि हा गुण काही इंग्रजीचाच नव्हे. मराठीतील ‘लागणे’ घ्यावे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो. मूल रडू लागते, पैसे भरावे लागतात, आणि अमुक गृहस्थ तमक्याचा मामा लागतो. हिंदीतील ‘लगना’ याच जातीचे. मराठी मुलाला हे अर्थ कोणी यादी करून शिकविले नाहीत. भुकेबरोबर, ठेचेबरोबर, मामाबरोबर ते आपोआप आले.

‘रन’चे अर्थही असेच सोबतीच्या शब्दांतून येतात. नदी, यंत्र, दुकान, करार या नामांची सोबत सोपी आहे. खरी गुंतागुंत ‘आउट’, ‘डाउन’, ‘इन्टू’ या लहान शब्दांची. क्रिकेटमुळे ‘रन आउट’ खेड्यापाड्यांतही पोचला आहे. पण तेथे फलंदाज बाद होतो, आणि घरात दूध ‘रन आउट’ होते तेव्हा ते संपलेले असते. ‘रन इन्टू’ म्हणजे जुना मित्र अवचित भेटणे, गाडी झाडावर आदळणे, कर्जात पडणे, किंवा खर्च हजारांच्या घरात जाणे. ‘डाउन’ याहून फसवे आहे. टेकडी ‘रन डाउन’ करणे म्हणजे उतार धावत उतरणे, तर सहकाऱ्याला ‘रन डाउन’ करणे म्हणजे त्याची निंदा करणे. दुसऱ्या वाक्यात ‘डाउन’ हा शब्द सहकाऱ्याच्या मागे नेता येतो, ‘रन हिम डाउन’. टेकडीच्या बाबतीत तसे करता येत नाही. शब्दांची ही हालचाल एकदा ध्यानात आली की पुष्कळसा गोंधळ ओसरतो.

इतक्या अर्थांतून आधी काय शिकवावे, हा प्रश्न उरतो. त्यावर उपयुक्त काम केलेले मायकेल वेस्ट हे काही वर्षे ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते आणि बंगाली मुलांच्या वाचनाच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सुमारे २,००० शब्दांच्या यादीत शब्दांच्या निरनिराळ्या अर्थांचे वापरातील प्रमाणही दिलेले आहे. एका शब्दाचे सर्व अर्थ सारख्या तोलाचे नसतात, हे शिक्षकाला त्यावरून दिसते. धावणे, वाहणे, चालणे, चालविणे आणि ‘रन आउट’मधील संपणे एवढे पक्के झाले तर साधे वृत्तपत्र वाचताना अडत नाही.

काही अर्थ खुशाल मागे ठेवावेत. पायमोज्याची वीण उसवते त्याला अमेरिकेत ‘रन’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘लॅडर’. निवडणुकीतही असाच भेद आहे. अमेरिकेतील उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधील उमेदवार ‘स्टॅंड’ करतो, म्हणजे मराठीतल्याप्रमाणे उभा राहतो. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत बहुधा ‘कॉन्टेस्ट’ हा शब्द आढळतो, त्यामुळे हा अर्थ विद्यार्थ्याला परदेशी मजकुरातच प्रथम भेटण्याचा संभव अधिक.