‘नो सिग्नल’ म्हणजे टीव्ही बिघडला असं नाही! दुकानातल्या टीव्हीचे इनपुट समजून घ्या



स्नॅक्स सेंटरमध्ये मेनू दाखवायला, क्लासमध्ये शिकवायला, ग्राहकाला ब्लाउजची किंवा किचन ट्रॉलीची डिझाइन्स दाखवायला टीव्ही आता धंद्यातलं साधन झालाय. पण नेमका ग्राहक समोर बसलेला असतो आणि पडद्यावर येतं ‘नो सिग्नल’. मग वायर हलवा, रिमोटची सगळी बटणं दाबा, शेवटी मेकॅनिकला फोन. तो येऊन एक बटण दाबतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो. तोवर ग्राहक ‘नंतर येतो’ म्हणून उठलेला असतो. हे टाळायला दहा मिनिटांचा अभ्यास पुरेसा आहे.

आधी मूळ गोष्ट

टीव्हीला मागच्या बाजूला बरीच दारं असतात, पण तो एका वेळी एकाच दाराकडे बघतो. या दारालाच इनपुट किंवा सोर्स म्हणतात. ‘नो सिग्नल’चा अर्थ एवढाच, की टीव्ही ज्या दाराकडे बघतोय तिथून काही येत नाहीये. लॅपटॉप दोन नंबरच्या दारात उभा आणि टीव्ही एक नंबरकडे बघतोय, असंच बहुतेक वेळा झालेलं असतं.

कोणतं दार कशासाठी?

- एचडीएमआय १, २, ३: चित्र आणि आवाज एकाच केबलमधून. सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, फायर टीव्ही स्टिक इथे लागतात. ज्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलंय तो साउंडबारसाठी मोकळा ठेवा.
- एव्ही: पिवळी, पांढरी आणि लाल पिन. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आणि लाल उजव्या आवाजाची. जुने डीव्हीडी प्लेअर, जुने सेट-टॉप बॉक्स यावर चालतात.
- व्हीजीए: जुन्या कॉम्प्युटरसाठी. यातून फक्त चित्र येतं, आवाजाची वायर वेगळी लावावी लागते.
- यूएसबी: पेन ड्राइव्हवरचे फोटो, व्हिडिओ दाखवायला. साधी यूएसबी केबल लावून लॅपटॉपचा पडदा इथे दिसणार नाही. पण मेनूकार्डाचा फोटो पेन ड्राइव्हवर टाकला, तर रोज लॅपटॉप अडकवून ठेवायची गरजच नाही!

इनपुट बदलायचं कसं?

१. केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे ते मागे जाऊन वाचा. अंदाज नको.
२. उपकरण चालू करा.
३. रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबा. काही रिमोटवर नाव नसतं, चौकोनात शिरणारा बाण असतो. बटणच नसेल तर होम स्क्रीनवर किंवा सेटिंगमध्ये ‘इनपुट’ शोधा.
४. यादीतून तोच नंबर निवडा, ओके दाबा आणि काही सेकंद थांबा. घाईत परत परत बटण दाबलं की टीव्ही पुढच्या दारावर जातो.

तरीही दिसत नाही?

विंडोज लॅपटॉप असेल तर विंडोजचं बटण धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्हीचं नाव निवडा. स्टिक सारखी बंद पडत असेल तर तिला टीव्हीच्या यूएसबीऐवजी तिच्याच अडॅप्टरवरून वीज द्या. यातलं काहीच लागू पडलं नाही तर केबल बदलून बघा. मेकॅनिक त्यानंतर.

धंद्यासाठी तीन सवयी

पहिली: प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ‘लॅपटॉप - २’ असं लिहा. बऱ्याच टीव्हींमध्ये इनपुटचं नावही बदलता येतं. ‘एचडीएमआय २’च्या जागी ‘लॅपटॉप’ दिसलं की नव्या मुलालाही समजतं.

दुसरी: सीईसी नावाची सोय तपासा. सॅमसंगमध्ये तिला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ती चालू असेल तर एखादं उपकरण सुरू होताच टीव्ही आपोआप त्याच्याकडे वळू शकतो. घरी हे सोयीचं आहे. दुकानात मात्र कुणी सेट-टॉप बॉक्स चालू केला की मेनू जाऊन मालिका सुरू व्हायची! तसं होत असेल तर ही सोय बंद ठेवा.

तिसरी: शटर उघडल्यावर जसा गल्ला तपासता, तसंच पडद्यावर चित्र आणि आवाज येतोय का ते पाहा. ग्राहक यायच्या आधी, नंतर नाही.

आजचा गृहपाठ

टीव्हीच्या मागचा फोटो मोबाइलवर काढा. कोणत्या दारात काय लागलंय ते कागदावर लिहा आणि तो कागद टीव्हीशेजारी चिकटवा. मग तुमच्या मदतनिसाला सांगा, ‘लॅपटॉप लाव.’ त्याला तुम्हाला न विचारता जमलं, तर तुमचा धंदा एका गोष्टीसाठी तरी तुमच्यावर अडून राहिला नाही.